गॅस ‘संपत’ नसतो हो!

उन्हाळा लागला की आमच्या आलापल्लीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, “यंदा जरा जास्तच तापून राह्यलं.” आणि दुसरं, “गाडीच्या एसीतला गॅस संपला वाटते.” पहिल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या वाक्याशी मात्र मला आज भांडायचं आहे. या एका वाक्यापायी दरवर्षी लोकांचे पैसे जातात, चांगले कंप्रेसर जातात, आणि एवढं होऊन गाडी काही गार होत नाही.

आधी एक खुलासा, पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी. “तू तर जंगलात राहतोस, तुला कशाला लागतो एसी?” असं ते विचारतात. अरे बाबांनो, हे जंगल सागाचं आहे. साग पानझडी. ऐन एप्रिल-मेमध्ये, जेव्हा सावली हवी तेव्हा, तो उघडा उभा असतो. पारा पंचेचाळीसच्या आसपास. आणि जरा मोठं दुखणं निघालं की गडचिरोली नाहीतर आष्टीचा पूल ओलांडून चंद्रपूर, म्हणजे शंभरेक किलोमीटरचा रस्ता. बरं, गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी. मागच्या सीटवर तापाने फणफणलेलं लेकरू किंवा म्हातारी आजी असेल, तर त्या दुपारी एसी ही चैन राहत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गाडीतला गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस फिरत राहतो. कंप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत (कंडेन्सर) तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या जाळीत पुन्हा वायू होताना आतली उष्णता ओढून घेतो. झालं, एवढंच चक्र. कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळतो आहे. रबरी नळ्या आणि कंप्रेसरच्या सीलमधून वर्षाला थोडासा झिरपतो हे मान्य. पाच-सात वर्षांनी एकदा भरावा लागला तर समजू शकतो. पण दर मार्चमध्ये?

आमच्या गावातला पंक्चरवालासुद्धा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघतो, मगच हात लावतो. पंक्चर न काढता नुसती हवा भरून त्याने पैसे मागितले तर आपण त्याला गावभर बदनाम करू. एसीवाल्याला मात्र नेमकं त्याच कामाचे पैसे देतो, वर “लई गार केला भाऊ” म्हणून चहा पाजतो!

दोन वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचं उदाहरण. हायवेला बरी गार व्हायची, फाटकाशी किंवा बाजारात थांबली की फुफाटा. एका गॅरेजात नेली. बॉनेट उघडायच्या आधीच पोराने सिलिंडर ओढत आणला. “गॅस टाकून देतो ना, चिल्ड होऊन जाईन.” मी म्हटलं, “आधी लीकेज बघ.” तो हसला. “तेवढा टाइम कोनाकडे हाय?” मी गाडी परत घेऊन आलो. अहो, चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत गरम, याचा अर्थ लहान मूलही सांगेल: वारा लागला की काम होतंय, म्हणजे वारा देणारा बिघडलाय. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता. जाळीत आमच्या रस्त्याची लाल धूळ, चिखल आणि किडे असे बसले होते की पलीकडचं दिसेना. पंख्याची वायर जोडली, जाळी साध्या नळाच्या हलक्या धारेने धुतली. गॅसचा एक ग्रॅमही न भरता गाडी गार झाली.

लक्षणं बोलत असतात, ऐकणारा पाहिजे. हवा गार आहे पण जोरच नाही? फिल्टर नाहीतर ब्लोअर बघा. कित्येक गाड्यांचा फिल्टर जन्मात एकदाही काढलेला नसतो. अर्धा तास छान चालून हवेचा जोर मरतो आणि गाडी थोडी बंद ठेवली की परत येतो? आतल्या जाळीवर बर्फ धरतोय. सगळं ठीक असून हवा कोमटच? हीटरची झडप किंवा केबल अडकून गरम पाण्याची हवा मिसळत असेल. कंप्रेसरचा क्लच सारखा टक-टक लागतो आणि सुटतो? आता गॅस कमी असण्याचा संशय घ्या. मग सांध्यांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा, कारण गॅस गळताना कंप्रेसरचं तेलही सोबत नेतो. अशा गाडीत नुसता गॅस भरत राहिलं, तर एक दिवस कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो. मग हजारोंचं बिल, आणि वर ऐकून घ्यायचं की “जुनी गाडी हाय, असंच होते.”

काहीजण म्हणतील, त्यांनी गेज लावून बघितलं होतं की! इंजिन बंद असताना लावलेलं गेज हे निव्वळ थर्मामीटर असतं. आत थोडाही द्रव शिल्लक असेल तर दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए साठी चाळीस अंशांना तो साधारण १३३ पीएसआय, मग गॅस पुरेसा असो की निम्मा. आणि “गार लागेपर्यंत भर” हा प्रकार तर आणखी वाईट. छोट्या गाडीत साधारण अर्धा किलो गॅस बसतो, नेमका आकडा बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. त्याहून जास्त कोंबला की दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. म्हणून वजनकाट्यावर भरायचा, आणि त्याआधी निदान अर्धा तास व्हॅक्यूम लावून आतली दमट हवा काढायची. नाहीतर पाणी आत गोठतं आणि धातू खातं.

शेवटचा मुद्दा फक्त खिशाचा नाही. आर-१२ ने ओझोनला भोक पाडलं म्हणून १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि आर-१३४ए आला. तो ओझोनला निरुपद्रवी, पण उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. म्हणजे अर्धा किलो हवेत सोडणं हे सातशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. तेवढा धूर काढायला तीनशे लिटर पेट्रोल जाळावं लागेल! युरोपीय संघाने २००६ च्या नियमातच लिहिलं, की गळती जास्त असेल तर दुरुस्त केल्याशिवाय गॅस भरायचाच नाही. आपल्याकडे २०१६ च्या किगाली दुरुस्तीला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, हे चांगलंच झालं. पण त्या कागदाचा वारा गॅरेजच्या सिलिंडरपर्यंत कधी पोचणार?

मला मेकॅनिकचाही फार राग येत नाही, कारण खरी गोम आपल्यात आहे. तपासायच्या तासाचे दोनशे-तीनशे रुपये द्यायला आपल्याला जिवावर येतं. “नुसतं बघायचे पैसे?” असं आपण विचारतो. सिलिंडरचे मात्र निमूट काढून देतो, कारण त्यात काहीतरी ‘टाकलेलं’ दिसतं. डोक्याला पैसे नाहीत आणि वस्तूला आहेत, तर पोरगा वस्तूच विकणार. त्याचं काय चुकलं?

तेव्हा या उन्हाळ्यात गॅरेजात जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. गॅस कुठून गेला? किती ग्रॅम भरणार? व्हॅक्यूम किती वेळ लावणार? उत्तर आलं तर त्याला तपासणीचे पैसे आनंदाने द्या, वर चहाही पाजा. नाही आलं तर किल्ली उचला आणि दुसरं गॅरेज गाठा.