डायलिसिस घरी करायचं, तर कोणतं?

या पानावर आपण बियाणं, खत अन् फवारणीचं बोलतो. आज किडनीचं बोलू. घरातल्या कर्त्या माणसाच्या किडन्या निकामी झाल्या की शेतीचं गणितही कोलमडतं.

दवाखान्यातलं रक्ताचं डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा करावं लागतं, दर खेपेला सुमारे चार तास. ढोकीहून धाराशिव किंवा लातूर गाठून परत यायचं म्हणजे दिवस गेला. सोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार झाले तरी ऐन खुरपणीत बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

घरी करायचे दोन मार्ग आहेत. पहिला, रक्ताचंच डायलिसिस घरी. त्याला यंत्र, पाणी शुद्ध करणारा संच, खात्रीची वीज आणि सुई टोचायला शिकलेला माणूस लागतो. एका खेपेला शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी लागतं. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलो नाही. त्यात लोडशेडिंग. खेड्यात हा मार्ग अवघडच.

दुसरा मार्ग पोटाच्या डायलिसिसचा, म्हणजे सीएपीडी. पोटात कायमची बारीक नळी बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, चार-सहा तासांनी काढून नवं भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. यंत्र नाही, वीज नाही. मधल्या वेळात झेपेल ते हलकं काम करता येतं. हेच काम रात्री झोपेत करणारं यंत्रही मिळतं, पण त्याला वीज हवीच.

यातही धोका आहे. हात साबणानं नीट न धुता नळीला लावला तर पोटात जंतू शिरतात. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिशव्या ठेवायला कोरडी जागा लागते. पोटाची मोठी ऑपरेशनं झालेल्यांना हा मार्ग जमेलच असं नाही. उसाच्या फडावर कोपीत राहणाऱ्यांना तर तो कठीणच.

तरीही माझं मत असं, की कोरडवाहू भागातल्या बऱ्याच घरांना दुसरा मार्ग जास्त सोयीचा पडेल. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये आला, 2019 मध्ये केंद्रानं पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. कागद झाला, आता पिशव्या तालुक्यापर्यंत नियमित आल्या पाहिजेत. खत बांधावर पोचवायचं आपण बोलतो, मग औषध उंबऱ्यापर्यंत का नको?

ग्रामसभेत हा विषय काढा. घरात रुग्ण असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "आमच्या माणसाला पोटाचं डायलिसिस चालेल का?" विचारायला पैसे पडत नाहीत.