डबीला भुलू नका!

नेटवर जुनी नाणी घेताय? जरा थांबा. मी सीलबंद प्लास्टिकच्या डबीतला १९०७ चा रुपया घेतला. लेबलवर दर्जा छापलेला, '७० पैकी ६८'! मेसचे दोन महिन्यांचे पैसे गेले. शेवटी डबी फोडून लॅबच्या काट्यावर ठेवला, तर ९ ग्रॅम. अस्सल चांदीचा रुपया भरतो ११.६६. मग कळलं, दर्जा देणारी 'संस्था' म्हणजे विकणाऱ्याचाच प्रिंटर! स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा, मग डिस्टिंक्शन मिळणारच की. पीसीजीएस, एनजीसी या अमेरिकेतल्या जुन्या संस्था. त्यांच्या लेबलवरचा नंबर त्यांच्याच साइटवर टाकून बघता येतो. पण खरा नंबर चोरून नकली डबीही बनते, तेव्हा तिथला फोटो असेल तर नाण्याशी ताडून बघाच. माझ्या फुटक्या डबीत सध्या रूममेट टाचण्या ठेवतो.