ब्रेन ट्यूमरच्या रिपोर्टमधली ही तीन नावं काय सांगतात?

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, बायोप्सीचा रिपोर्ट आला, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'ग्रेड कितवी?' कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं कुटुंब असो की मुंबईतलं, हा प्रश्न ठरलेला. पण ग्लायोमा प्रकारच्या गाठींमध्ये आता फक्त ग्रेडवर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार, गाठीतली जनुकं आणि प्रथिनं तपासल्याशिवाय अनेकदा निदानच पूर्ण होत नाही.

आयडीएच
हे पेशीला ऊर्जा मिळवून देण्याच्या कामातलं प्रथिन. त्यात बिघाड झाला की एक वेगळंच रसायन साठतं आणि पेशी नीट परिपक्व होत नाहीत. गंमत म्हणजे, हा बिघाड असलेल्या गाठी तुलनेने हळू वाढतात. बिघाड नसलेला ग्लायोब्लास्टोमा मात्र फार आक्रमक असतो. बिघडलेलं आयडीएच रोखणाऱ्या व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. ती ग्रेड २ च्या गाठींसाठी आहे.

एमजीएमटी
हे दुरुस्ती करणारं प्रथिन. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या पेशींच्या डीएनएवर घाव घालतं, एमजीएमटी तो भरून काढतं. ज्या गाठीत त्याचं जनुक बंद पडलेलं असतं, तिथे औषध जास्त लागू पडतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेडिएशनसोबत हे औषध घेतलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांपैकी, जनुक बंद असलेले ४६ टक्के दोन वर्षांनंतर जिवंत होते. जनुक चालू असलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्के होतं.

केआय-६७
किती टक्के पेशी वाढीच्या चक्रात आहेत, हे यावरून कळतं. आकडा मोठा असेल तर वाढीचा वेग जास्त. पण मोजणीत लॅबनुसार फरक पडतो, त्यामुळे एकट्या या आकड्यावरून घाबरून जाऊ नये.

मग कुटुंबाने काय करायचं?
काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. या तपासण्या त्यावरच होतात, पुन्हा ऑपरेशन लागत नाही. गावात सोय नसेल तर ब्लॉक पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये पाठवता येतो, पेशंटला प्रवास करावा लागत नाही. म्हणून डिस्चार्जच्या वेळी ब्लॉक कुठे आहे आणि आयडीएच तपासलं का, हे विचारून घ्यावं. रंग देऊन केलेली आयडीएचची साधी चाचणी निगेटिव्ह आली आणि पेशंट ५५ पेक्षा लहान असेल, तर जनुकीय तपासणीबद्दलही विचारावं. एक बिघाड त्या चाचणीत दिसतो, बाकीचे सुटू शकतात.

टक्केवारी समूहाची असते, एका माणसाची नाही. ती किती दिवस उरले हे सांगत नाही. कोणता उपचार आधी करून पाहायचा, हे ठरवायला मात्र ती उपयोगी पडते.