झाड जानेवारीत कुठे जातं?

प्रति,
पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार खातं, लंडन



नाताळ जवळ आला की इंग्लंडमध्ये दरवर्षी एकच वाद रंगतो: झाड खरं आणावं की प्लॅस्टिकचं? या वादात कार्बन ट्रस्ट या संस्थेचे आकडे नेहमी दिले जातात, पण ते पुरते वाचले जात नाहीत. दोन मीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. तेवढ्याच उंचीचं खरं झाड सणानंतर जाळलं किंवा त्याचा भुगा केला, तर साडेतीन किलो. कचरा डेपोत पुरलं गेलं, तर 16 किलो. म्हणजे खरं झाड भुगा होऊन मातीत जाणार असेल, तर प्लॅस्टिकच्या झाडाला त्याची बरोबरी करायला अकरा-बारा नाताळ लागतात. डेपोत जाणार असेल, तर प्लॅस्टिकचं झाड तिसऱ्याच नाताळात सरस ठरतं. कोणतं झाड बरं, हे डिसेंबरात दुकानात ठरत नाही. ते जानेवारीत कचऱ्याची गाडी ठरवते, आणि त्या गाडीचे नियम आपलं खातं करतं.

डेपोत ढिगाऱ्याखाली झाडाला हवा मिळत नाही. ते हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. डेपो आणि भुगा यांतल्या फरकाचं मूळ एवढंच. तरीही सणाच्या कचऱ्याबद्दलच्या सूचनांत भर असतो तो भेटवस्तूंच्या वेष्टनाच्या कागदावर: मुठीत चुरगळा, चुरगळलेला राहिला तर कागद, उलगडला तर प्लॅस्टिक. सूचना चांगलीच आहे. पण आठ-दहा वर्षं शेतात वाढलेल्या झाडाचं काय करायचं, हे मात्र प्रत्येक स्थानिक कौन्सिलच्या मर्जीवर सोडलेलं आहे. कुठे झाड दारातून फुकट उचलतात, कुठे ते बागेच्या कचऱ्यात धरतात. आपल्या नव्या नियमांनी घरगुती कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी 31 मार्च 2026 ही तारीख ठरवली, पण बागेचा कचरा उचलण्याचे पैसे घ्यायची मुभा कौन्सिलांना तशीच ठेवली. चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाला बागच नसते; वर्षातून एकदा निघणाऱ्या एका झाडासाठी ते वर्षाची वर्गणी का भरेल? मग झाड तोडून सरसकट कचऱ्याच्या काळ्या पिशवीत जातं.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. पण इंग्लंडमधली कित्येक हॉस्पिसेस दर जानेवारीत स्वयंसेवकांच्या मदतीने देणगीच्या बदल्यात घरोघरची झाडं उचलतात. चार-दोन दिवसांची, आधी नावं नोंदवून घेतलेली ही फेरी स्वयंसेवकांना जमते. कौन्सिलांना ती अवघड नसावी. दुसरा आक्षेप असा, की आता बराचसा कचरा जाळून वीजच केली जाते, मग झाड वेगळं कशाला काढायचं? कार्बनच्या हिशेबात जाळणं आणि भुगा करणं जवळपास सारखंच, हे मान्य. पण जाळल्यावर राख उरते. भुगा झाडांच्या बुंध्याशी पसरला तर ओल धरतो, तण दाबतो आणि हळूहळू मातीत मिसळतो. झाड कचरा-पुनर्वापर केंद्रावर स्वतः नेऊन द्या, हे उत्तर मोटार नसलेल्याला लागू पडत नाही.

आणि भुगा हाच एक मार्ग आहे असंही नाही. लँकेशरच्या किनाऱ्यावर, सेंट ॲन्सला, नाताळची वापरलेली झाडं वाळूत अर्धी पुरून रांगा लावतात. वाऱ्याने उडालेली वाळू फांद्यांत अडकते, तिचा ढीग वाढतो, त्यावर मॅरम गवत मूळ धरतं आणि त्यातून नवी टेकडी उभी राहते. समुद्राच्या लाटा आणि मागची वस्ती यांच्यामध्ये या टेकड्या आड उभ्या असतात. काळ्या पिशवीत गेलेलं झाड या कामी येऊ शकत नाही.

सणाचा कचरा वेगळा काढण्याची अशी सोय आपल्याकडेही आहे: पुण्यात गणेशोत्सवात विसर्जन घाटांवर निर्माल्यासाठी वेगळे कलश ठेवतात. पूजेची फुलं नदीत जाऊ नयेत, त्यांचं खत व्हावं, म्हणून ही सोय आहे. सोय पायाशी असली की माणूस ती वापरतो. इंग्लंडमधल्या मराठी घरांनाही, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही, एवढीच सोय हवी आहे.

म्हणून विनंती अशी: बागेच्या कचऱ्याचं शुल्क कौन्सिलांनी हवं तर ठेवावं, पण नाताळचं झाड त्यातून वगळा. 6 जानेवारीनंतरचे दोन आठवडे ते प्रत्येक दारातून, फ्लॅटच्या इमारतींतूनही, वेगळं आणि विनाशुल्क उचललं जाईल, अशी तरतूद नियमातच करा.

कळावे,
एक मराठी लेखक