रॅम महागली, तरी ८ जीबीवर थांबू नका: उन्हात फोटोचं काम करणाऱ्यांनी लॅपटॉप कसा निवडायचा?

गेल्या महिन्यात दर्यापूरला घरी गेलो होतो. लग्नांचे फोटो काढणारा शाळेतला एक मित्र लॅपटॉप काखेत मारून आला. "अबे, इथं स्क्रीनवर बरोबर दिसते, अन् अल्बम छापून आला का नवरीचा चेहरा लालभडक! कॅमेरा खराब झाला का बे?"

कॅमेरा ठणठणीत होता. लॅपटॉपची स्क्रीन रंग फिके दाखवायची, म्हणून हा प्रत्येक फोटोत रंग वाढवत जायचा. छापताना ते वाढवलेले रंग बाहेर यायचे. अल्बम पुन्हा छापायचा खर्च त्याच्या खिशातून गेला. आता त्याला लग्नसराईआधी नवा लॅपटॉप हवाय, आणि नेमक्या याच वेळी किमती चढल्या आहेत.

किमती का वाढल्या?

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा लॅपटॉपही स्वस्त होईल असं अनेकांना वाटलं. पण एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीच १८ टक्क्यांत होता, तो तिथेच राहिला.

खरी भाववाढ रॅमची आहे. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या सर्व्हरना प्रचंड मेमरी लागते आणि तिथे नफाही जास्त, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांतच डीडीआर५ रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

याचा आपल्याशी संबंध काय? लॅपटॉप कंपनीला पाटीवरची किंमत जुनीच ठेवायची असेल, तर दोन गोष्टी गुपचूप कापता येतात: रॅम आणि स्क्रीन. फोटोवाल्याला नेमक्या याच दोन लागतात.

रॅम: इथे काटकसर नको

साधा हिशोब करू. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६-बिटमध्ये उघडला, की २.४ कोटी पिक्सेल, प्रत्येकात तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट. म्हणजे एका लेयरला सुमारे १४४ एमबी. पाच-सहा लेयर, मागे विंडोज, शेजारी ब्राउझर उघडा, की ८ जीबी पुरत नाही. लाइटरूम क्लासिकसाठी अडोबीच ८ जीबी किमान आणि १६ जीबी योग्य असं सांगते.

"आत्ता ८ घेतो, मग वाढवतो" हा जुना हिशोब पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा चालत नाही. त्यांची रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, नंतर बदलता येत नाही. विंडोज ११ मध्ये टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर 'फॉर्म फॅक्टर' बघा. तिथे 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम चिकटवलेली आहे. म्हणून १६ जीबी घ्यायची तर पहिल्याच दिवशी.

स्क्रीन: दोन आकडे मागून घ्या

पहिला आकडा रंगांचा. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर ती स्क्रीन एसआरजीबीतले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवते. माझा मित्र यातच फसला. '१०० टक्के एसआरजीबी' असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

दुसरा आकडा उजेडाचा, म्हणजे निट्स. स्वस्त लॅपटॉप २५० ते ३०० निट्स देतात. तुमचा फोन उन्हात वाचता येतो, कारण आजकाल बरेच फोन बाहेर १००० निट्सच्या वर जातात. लासूरच्या आनंदेश्वर मंदिरात प्री-वेडिंगचे फोटो काढले आणि तिथेच फोकस तपासायचा असेल, तर सावलीतही किमान ४०० निट्स लागतात. भर उन्हात मात्र कुठल्याच लॅपटॉपवर रंग ठरवू नका. बाहेर फक्त फोटो निवडा, रंगांचं काम घरात. चकचकीत ओएलईडीवर रंग मस्त दिसतात, पण बाहेर त्यात आपलाच चेहरा दिसतो. बाहेरच्या कामाला मॅट स्क्रीन बरी.

वऱ्हाडातलं ऊन

अ‍ॅपल मॅकबुकसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि लग्नं तेव्हाच. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. बिनपंख्याचा लॅपटॉप हलका आणि शांत असतो, पण लांबलचक एक्सपोर्टला तो लवकर मंदावतो. मांडवात काम करताना तो गादीवर नाही, टेबलावर ठेवा, आणि बंद गाडीत कधीच सोडू नका; बॅटरीचं आयुष्य त्यातच संपतं.

लाइट गेली तर? टाइप-सी चार्जिंग असलेलाच लॅपटॉप घ्या. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॅट-अवर. वाया जाणारं सोडलं तर ५०-५५ वॅट-अवरची बॅटरी जेमतेम एकदा भरते. पण पॉवर बँक ६५ वॅटची हवी. फोनसाठी घेतलेली २२.५ वॅटची बहुतेक लॅपटॉपना पुरत नाही.

मग कात्री कुठे लावायची?

प्रोसेसरवर. यंदाच्याऐवजी मागच्या पिढीचा घ्या. रोजच्या एडिटिंगला फरक फार जाणवत नाही. टचस्क्रीन सोडा. 'एआय पीसी'च्या स्टिकरसाठी जास्त पैसे देऊ नका. गेमिंगचं ग्राफिक कार्ड एआय डीनॉइझला खूप वेळ वाचवतं, पण वजन आणि चार्जर दोन्ही जड होतात. मेळघाटात दिवसभर पाठीवर बॅग घेऊन फिरणाऱ्याला ते परवडणार नाही.

वापरलेला लॅपटॉप हाही चांगला मार्ग आहे. फक्त १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, हे लक्षात ठेवा. इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. स्वस्त दिसला तरी तो टाळा.

दुकानात जाताना

स्वतःचे चार फोटो पेनड्राइव्हवर न्या, त्यांचे छापलेले प्रिंटही न्या. ब्राइटनेस पूर्ण करा, लॅपटॉप दुकानाच्या दाराशी आणा, प्रिंट शेजारी धरा. बिल करण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर तपासा. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन येतात.

मित्राला मी एवढंच सांगितलं: मागच्या पिढीचा प्रोसेसर, १६ जीबी, १०० टक्के एसआरजीबी, ४०० निट्स, टाइप-सी. तो म्हणाला, "अन् दुकानवाला म्हणते, नवा प्रोसेसर घ्या, ८ जीबीत भागते." भागेल की, पण दुसऱ्यांदा अल्बम छापायचा खर्च दुकानदार देणार नाही.