उपग्रह आपला, माहिती सगळ्यांची



जून उजाडला की वर्गात हवामानाचा विषय आपोआप निघतो. पाऊस कधी येणार, सुट्टी मिळणार का, मोबाईलवर आलेला तो ढगांचा फोटो खरा का, असे प्रश्न मुलं विचारतात. मग आपण उपग्रहाचं चित्र दाखवतो, 'हा आपल्या इस्रोने सोडला' असं सांगतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि पाठ संपतो. माझं म्हणणं असं आहे की खरा पाठ इथून पुढे सुरू व्हायला हवा. कारण बातम्यांत आपण जो हवामानाचा अंदाज ऐकतो, तो एकट्या कुठल्याच देशाचा नसतो. ही गोष्ट मुलांना प्राथमिक शाळेतच कळली पाहिजे.

एका देशाच्या उपग्रहांनी का भागत नाही?

आपले इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. पृथ्वी जितक्या वेळात स्वतःभोवती फिरते, तितक्याच वेळात ते एक फेरी मारतात. म्हणून ते आपल्या डोक्यावर स्थिर असल्यासारखे वाटतात आणि दिवसरात्र ढगांवर नजर ठेवतात. पण चेंडूवर एका बाजूने बॅटरी मारली तर पलीकडची बाजू अंधारातच राहते ना? तसंच हे. एका जागी थांबलेल्या उपग्रहाला पृथ्वीची एकच बाजू दिसते. उरलेल्या बाजू अमेरिका, युरोप, जपान, चीन अशा इतरांचे उपग्रह बघतात.

दुसऱ्या प्रकारचे उपग्रह खूप खालून, साधारण ८०० किलोमीटरवरून, दोन्ही ध्रुवांवरून फिरतात. एका फेरीला त्यांना सुमारे १०० मिनिटं लागतात. हवेचं तापमान, बाष्प वगैरे गोष्टी ते बारकाईने मोजतात. इथे तर देशांनी चक्क सत्रं वाटून घेतली आहेत! आपल्या शाळेचं जसं सकाळ सत्र आणि दुपार सत्र असतं, तसंच. सकाळचं सत्र युरोपच्या मेटॉप उपग्रहांकडे, दुपारचं अमेरिकेकडे. चीनने २०२१ मध्ये फेंगयुन-३ई हा उपग्रह सोडून पहाटेचं सत्र घेतलं. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच जागी बघण्यापेक्षा वेळा वाटून घेतल्या, तर कमी खर्चात जास्त कळतं. वेळापत्रक बनवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हे लगेच पटेल.

न पटणारे देशही इथे एकत्र आले

हवामानाचा पहिला यशस्वी उपग्रह, टायरॉस-१, अमेरिकेने १ एप्रिल १९६० रोजी सोडला. त्या काळी अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांकडे अणुबॉम्ब रोखून बसले होते. तरी डिसेंबर १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने जागतिक हवामान संघटनेला सांगितलं, की उपग्रहांचा उपयोग सगळ्या देशांना कसा होईल त्याचा आराखडा करा. तो आराखडा बनवण्यात अमेरिकेचे हॅरी वेक्सलर आणि सोव्हिएत संघाचे व्हिक्टर बुगायेव्ह हे दोन शास्त्रज्ञ पुढे होते. त्यातूनच १९६३ मध्ये जागतिक हवामान निरीक्षण योजना उभी राहिली. मधलं १९६२ हे साल क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचाचं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या कामाचं मोल कळतं.

उपग्रह उसना दिल्याचीही उदाहरणं आहेत. जपानचा नवा हवामान उपग्रह १९९९ मध्ये उड्डाणातच गमावला आणि जुना थकत चालला होता. मग २००३ मध्ये अमेरिकेने आपला गोज-९ हा उपग्रह पॅसिफिकच्या पश्चिमेकडे सरकवला आणि जपानचा पुढचा उपग्रह येईपर्यंत तोच जपानच्या कामी आला. त्याआधी १९९० च्या दशकात अमेरिकेचीच अशी अडचण झाली होती. तेव्हा युरोपने आपला मेटिओसॅट-३ पुढे केला होता. शेजारणीकडून विरजण मागून आणावं, तितकं साधं आणि तितकंच गरजेचं!

"पण आपण फुकट का द्यायचं?"

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. पैसा आपल्या करांचा, मग माहिती जगाला का?

पहिलं उत्तर, आपण देतो त्यापेक्षा घेतो कितीतरी जास्त. चार-पाच दिवस पुढचा अंदाज काढायचा तर संगणकाला अरबी समुद्रापुरती माहिती पुरत नाही, साऱ्या पृथ्वीची लागते. आपला मान्सून तर विषुववृत्ताच्या पलीकडून वारे घेऊन येतो. युरोपचा एक मेटिओसॅट उपग्रह कितीतरी वर्षं हिंदी महासागरावर नजर ठेवून आहे, त्याचा फायदा आपल्यालाही होतो. उलट २०१२ मध्ये सँडी हे वादळ अमेरिकेवर चालून गेलं, तेव्हा त्याच्या वाऱ्याचा वेग आपल्या ओशनसॅट-२ ने मोजला होता.

दुसरं उत्तर माणसांच्या जिवाचं आहे. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं दगावली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा शंभराच्या खूप आत राहिला. हे सगळं श्रेय उपग्रहांचं नाही. निवारे, गावोगावची यंत्रणा, ऐकणारे लोक, सगळ्यांचं आहे. पण वादळ कुठे आणि कधी धडकणार हेच आधी कळलं नसतं, तर हलवायचं कोणाला? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा आपल्या कोकणानेही आगाऊ इशाऱ्याची किंमत पाहिली.

मात्र भाबडेपणाही नको. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या काही जुन्या हवामान उपग्रहांची माहिती देणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं, तेही ऐन वादळांच्या हंगामात. शास्त्रज्ञांनी आवाज उठवला. आधी मुदत वाढली आणि जुलैअखेर ती माहिती चालू ठेवायचं ठरलं. यातून मी दोन गोष्टी घेते. एक, दुसऱ्यावर पूर्ण विसंबून राहू नये, स्वतःचे उपग्रह हवेतच. दोन, ज्याच्याकडे देण्यासारखं काही असतं त्यालाच या देवाणघेवाणीत मान मिळतो. म्हणजे स्वावलंबन आणि सहकार्य ही एकमेकांची वैरी नाहीत. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेलेला निसार उपग्रह बघा. एक रडार नासाचं, एक इस्रोचं, रॉकेट आपलं. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो आणि जमीन किती सरकली, खचली, बर्फ किती हलला ते टिपतो. त्यात आपण मागणारे नाही, भागीदार आहोत.

वर्गात काय करता येईल?

१) वादळांच्या नावांपासून सुरुवात करा. आपल्या भागातल्या वादळांना भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, ओमान, इराण असे १३ देश मिळून नावं सुचवतात. २०२० मध्ये प्रत्येकाने १३ दिली, म्हणून यादी १६९ नावांची झाली. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाचं. 'तौक्ते' म्यानमारचं, आणि त्याचा अर्थ पाल! हे सांगितलं की माझा चौथीचा वर्ग नकाशावर म्यानमार शोधायला धावतो.

२) पर्जन्यमापक बनवा. सरळ, सपाट बुडाची बाटली आणि मोजपट्टी पुरे. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजा, कारण हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळी मोजतं. मग शेजारच्या दोन-तीन गावांच्या शाळांशी आकड्यांची अदलाबदल करा. एकाच दिवशी तीन गावांत तीन वेगळे आकडे आले की, दुसऱ्याची नोंद आपल्याला का लागते हे मुलांना न सांगता कळतं. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने मोजलं तरच आकडे जुळवता येतात, हेही कळतं.

३) पालकांनी घरी एवढं करावं. वादळाचा फोटो पुढे ढकलण्याआधी मुलासोबत हवामान खात्याच्या किंवा इस्रोच्या मोसडॅक संकेतस्थळावरचं ताजं चित्र उघडून बघा. ते सगळ्यांना मोफत बघता येतं. तारीख आणि वेळ वाचायला मुलालाच सांगा.

उपग्रह सोडल्याचा आनंद मुलांना जरूर होऊ दे, टाळ्या वाजू दे. फक्त त्या थांबल्या की एक प्रश्न विचारा, "हा उपग्रह आपल्याशिवाय अजून कोणाच्या उपयोगी पडेल?" उत्तरं शोधायला जगाचा नकाशा फळ्याशेजारी टांगलेला असू द्या.