गरीब म्हणजे कोण?

आमच्या मशिदीच्या फळ्यावर एक तरुण दर जुम्याला मराठीतून हदीस लिहितो. अक्षर सुरेख. मागे एकदा त्याने लिहिले, की इस्लामची सुरुवात गरिबीत झाली, पुढे तो पुन्हा गरीब होईल आणि म्हणून गरिबांसाठी खूशखबर आहे. नमाज संपल्यावर आमचे एक किराणा व्यापारी चपला घालता घालता म्हणाले, "म्हणजे चाचा, आमच्यासारख्यांचं काही खरं नाही!" सगळे हसले. मी मात्र फळ्यापाशी थांबलो.

ही हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे आणि तिच्यात शब्द खरोखरच 'गरीब' हाच आहे. पोराची चूक एवढीच, की अरबी शब्द त्याने मराठी अर्थाने वाचला. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी, आपल्या माणसांपासून दूर पडलेला. पैशाअडक्याचा त्यात संबंध नाही. निर्धनासाठी तिथे 'फकीर' आणि 'मिस्कीन' हे वेगळे शब्द आहेत. ज्या धातूपासून गरीब शब्द झाला त्याचा अर्थ दूर जाणे, मावळणे. सूर्य मावळतो ती मगरिब. मोरोक्को देशाचे अरबी नावही अल-मगरिब, म्हणजे मावळतीकडचा मुलूख. रोज पढतो ती मगरिबची नमाज आणि दारात उभा असलेला गरीब, ही सख्खी भावंडे आहेत.

इराणात आजही 'गरीबा' म्हणजे अनोळखी माणूस. तुर्कस्तानात कुणाला गरीब म्हटले, तर तो विचित्र ठरतो. उर्दूतल्या 'अजीबोगरीब'मध्येही हा जुना अर्थ शाबूत आहे. आशुऱ्याच्या संध्याकाळला 'शाम-ए-गरीबां' म्हणतात, ती निर्धनांची संध्याकाळ नव्हे. करबलाच्या मैदानात, परमुलखात उघड्या पडलेल्या कुटुंबाची.

मग आपल्याकडे गरीब कंगाल कसा झाला? परगावी आलेल्याला ना घर, ना गोत. आजारी पडला तर पाणी द्यायला कुणी नाही. असा माणूस लाचार होणारच, आणि लाचार माणसाचा खिसा बहुधा रिकामाच असतो. मराठीने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. 'सून स्वभावाने गरीब आहे' म्हणतो तेव्हा तिचे माहेर चांगले खाऊनपिऊन सुखी असू शकते. 'गरीब गाय' तर विचारूच नका. आणि 'गरीबगुरबे'? त्यातला 'गुरबा' हे गरीबचेच अरबी अनेकवचन. त्या हदीसचा शेवट नेमका याच शब्दाने होतो. बाजारात, निवडणुकीच्या सभेत आपण हदीसमधला शब्द वापरत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता फळ्यावर काय लिहायचे, हा प्रश्न उरला. 'परका' लिहावे, तर हा शब्द आपल्याला इथे वेगळ्याच कारणासाठी ऐकावा लागतो. शिवाय मक्केतली ती सुरुवातीची माणसे परकी कुठे होती? त्यांतली कितीतरी त्याच गल्ल्यांत जन्मलेली, त्याच कुरैशांची मुले. श्रद्धा बदलली आणि आपल्याच गावात ती अनोळखी झाली. शेवटी आम्ही 'अनोळखी' हाच शब्द घेतला. पुरता समाधानकारक नाही, पण दिशाभूल तरी करत नाही.

पोरगा हुशार. म्हणाला, "मग चाचा, जकात गरिबाला देतात ती कुठल्या गरिबाला?" सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातचे आठ हक्कदार सांगितले आहेत. सुरुवातीला फकीर आणि मिस्कीन, शेवटी 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटसरू. घरी तो सधन असेना का, वाटेत हात रिकामे झाले तर जकातीत त्याचा हक्क आहे. म्हणजे आपला मराठी गरीब यादीत पहिला आणि अरबी गरीब शेवटचा. २०२० च्या टाळेबंदीत महामार्गावरून जी माणसे पायी गावाकडे निघाली, ती दोन्ही भाषांत गरीब होती.

त्याने फळा पुसला, नव्याने लिहिले. खडू खाली ठेवता ठेवता म्हणाला, "चाचा, बेकरीत काम करणारी ती बिहारची पोरं नेहमी शेवटच्या सफेत असतात. त्यांची नावं काय हो?"

दोन वर्षे मी त्यांच्याकडून पाव घेतोय. मला एकाचेही नाव सांगता आले नाही.